ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजवायला शिकताना

नेरूळला आमच्या बास्केटबॉल कोर्टवर रोज संध्याकाळी मुलांची प्रॅक्टिस मॅच असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी शिट्टी माझ्याकडे दिली. बाकीचं जमत गेलं, खरी पंचाईत ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू हातात धरून नियमाबाहेर पाय हलवण्याची. लेअप (धावत जाऊन बास्केटजवळून मारलेला शॉट) पडला रे पडला की दोन्हीकडून कल्ला: "ताई, तीन पावलं!" "नाही हो ताई, दोनच!"

सरांनी फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमपुस्तकातलं २५वं कलम वाचायला लावलं आणि एकच सांगितलं, "आधी हात बघ, मग पाय." सगळी मेख इथेच आहे. चेंडूवर ताबा आला त्या क्षणापासून पावलं मोजायची. धावता धावता पास पकडला किंवा ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) संपवला, तेव्हा जो पाय जमिनीवर असेल तो मोजायचाच नाही. त्यानंतर टेकेल ते पहिलं पाऊल, मग दुसरं, आणि तिसरं पडायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. तो न मोजायचा पाय म्हणजे झिरो स्टेप, हा नियम फिबाने ऑक्टोबर २०१७ पासून लागू केला. त्याआधी खेळलेल्यांना तो अजून खटकतो, आणि कोर्टवरचे निम्मे वाद त्यातूनच होतात. पास पळता पळता घेऊन ड्रिबल सुरू करायचा असेल, तर मात्र दुसरं पाऊल टेकण्याआधी चेंडू सोडावा लागतो.

उभ्या खेळाडूचं गणित वेगळं. दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू घेतला, तर एक पाय उचलताक्षणी दुसरा पिव्होट, म्हणजे जागचा न हलवता ज्यावर फिरायचं तो पाय. बेसलाइनजवळ दोघांनी कोंडलेली एक मुलगी मी नीट पाहिली. डाव्या चवड्यावर ती गरागरा फिरत होती, टाच उठत होती, चवडा जागचा हलत नव्हता. एकदम नियमात! मग तिने बोर्डाकडे वळून पिव्होट उचलला आणि हवेतच शॉट सोडला. पुन्हा "ट्रॅव्हल, ट्रॅव्हल!" पण शॉट किंवा पाससाठी पिव्होट उचलता येतो, चेंडू सुटेपर्यंत तो परत टेकवायचा नाही, एवढंच. ड्रिबलला ही सवलत नाही. तिथे आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे, मग पाय. घाईत मुलं नेमकी उलटं करतात, आणि मला सगळ्यात जास्त शिट्ट्या तिथेच वाजवाव्या लागतात.

१८९१ मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ आखला तेव्हा चेंडू घेऊन पळायला बंदीच होती, पकडला तिथूनच फेकायचा. धावत पकडणाऱ्याला थोडी सूट तेव्हाही होती. हे वाचल्यावर आजचा नियम मला किचकट वाटेनासा झाला.

पावसाळ्यात कोर्ट ओलं असलं की मुलं घसरतात. चेंडू धरून पडलं, घसरत गेलं तरी चालतं. चेंडू हातात ठेवून उठायला गेलं की ट्रॅव्हलिंग.

आता शिट्टी वाजवली की दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवते आणि कारणही लगेच सांगते: "डावा पिव्होट होता, ड्रिबलच्या आधी उचललास." मग चेंडू समोरच्या टीमला, जवळच्या रेषेबाहेरून.