आईचा पिन

आजचा दिवस पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या, पों-पों भोंग्याने सुरू झाला आणि तिथेच बिघडला. आई आठवडाभर झाला पेडण्याहून आमच्याकडे पर्वरीला आलीय, आणि आल्यापासून पावाचे पैसे तीच देते, तेसुद्धा फोनवरून. गेल्या दिवाळीत मी तिला यूपीआय शिकवलं होतं, तेव्हापासून तिला सुट्टे पैसे म्हणजे मागासलेपणा वाटतो. आज पोदेराच्या सायकलवरचा कोड तिने बरोबर स्कॅन केला, वीस रुपये टाकले, आणि पिनपाशी अडकली. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, मी आतून ओरडतेय की आई थांब, तोवर तिसऱ्यांदा. झालं, पिन ब्लॉक.

पोदेर बिचारा भिजत उभा. म्हणाला, "फाल्यां दी गो आजी," उद्या दे. मी आतून सुट्टे आणेपर्यंत तो गेलासुद्धा. पण आईला ते लागलं. तिने म्हणे आयुष्यात कधी उधारीचा पाव खाल्ला नाही, तर आज चहाबरोबर पाव न घेता नुसती बसून राहिली.

चूक तशी तिची नव्हती. मागच्या महिन्यात दादाने तिला नवीन फोन दिला, मोठ्या स्क्रीनचा, तो तिने आज पहिल्यांदा वापरायला काढला. जुन्यावर तिचा अंगठा आपोआप जायचा, वर, मधे, खाली, परत मधे, असं काहीतरी. तिला आकडे पाठ नव्हतेच, तिला वाट पाठ होती. फोन मोठा झाला आणि वाट चुकली. मी तिला जरा लेक्चरच दिलं की पिन कसा विसरतेस, तुला अख्खा हरिपाठ येतो, सहा आकडे येत नाहीत? ती काही बोलली नाही.

ऑफिसात पोचल्यावर मला उगीच खुमखुमी आली, म्हटलं बघू आपला पिन आपल्याला येतो का. तोंडी. पाच मिनिटं आठवतेय, येईना! पहिले दोन आकडे आले, पुढे धुकं. शेवटी टेबलावर बोट फिरवून बघितलं, बोटाला बरोब्बर माहीत होतं, बोट कुठे थांबतं ते बघून मी आकडे वाचले. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघत होती, तिला वाटलं असणार मॅडमचं काहीतरी झालं. एवढं लेक्चर देऊन आले होते सकाळी, कुणाला सांगू.

(यायच्या वाटेवर बसमधे फोनने "सहा वर्षांपूर्वी आज" म्हणून कुठल्याशा बर्थडे केकचा फोटो दाखवला, ज्याचा होता त्याचं नावही आठवेना. आणि बस ज्या मांडवी नदीवरून जात होती तिचा जुना पूल 5 जुलै 1986 ला कोसळला तेव्हा मी आठ वर्षांची होते, त्यानंतर बेती ते पणजी फेरीबोटीतून जाताना बाबांची छत्री उलटी झालेली मला आत्ता दिसते, काड्यांसकट. त्याचा एकही फोटो नाही.)

दुपारी डबा खाऊन पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत गेले, ऑफिसपासून पाच मिनिटं. आपली ही लायब्ररी 1832 ची, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक लायब्रऱ्यांपैकी, पण आत रीडिंग रूममधे गेलं की सगळी पोरं स्पर्धा परीक्षेची, समोर जाड पुस्तक आणि त्याच्यावर फोन. एक मुलगा फोनवर कार्ड उलटत होता, प्रश्न, मग उत्तर, मग "सोपं" की "कठीण" ते दाबायचं, आणि कठीण असेल तर ते कार्ड लवकर परत समोर येतं. माझी लेकही असंच करते बायोलॉजीला. मला हे ॲप म्हणजे आजकालचं काहीतरी वाटायचं, पण मानसशास्त्राच्या कपाटात एक पुस्तक चाळलं तर मूळ निघालं एका जर्मन माणसाचं, हर्मान एबिंगहाउस. त्याने 1885 मधे स्वतःवरच प्रयोग करून छापले. अर्थ नसलेली अक्षरं जुळवून हजारो तुकडे केले, ते पाठ करायचे आणि मग किती विसरलो ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त गायब. पण त्याला हेही दिसलं की एकाच दिवशी 68 वेळा घोकून जे होतं ते तीन दिवसांत वाटून घेतलं तर 38 वेळांत होतं.

हे वाचून मी जरा हसलेच, कारण आमच्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायचे तो दुसरं काय होता. रोज थोडं, रोज तेच. शुभंकरोती झालं की पाढे, ते झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण असं करत साडेतीनपर्यंतचे पाढे. माझ्या वेळेला औटकी बंद झाली होती, आईला अजून येते. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, अशी एका दमात जाते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेतली, जूनमधे ट्रॉलर बंद, त्यामुळे भाव चढलेला, साडेचारशे किलो. सव्वा किलो भरली. मी पर्समधून फोन काढून कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत आई म्हणाली, पाचशे साडेबासष्ट, आणि मासेवालीने त्याच क्षणाला म्हटलं, "पांचशें साठ दी गो माये." दोघींनी एकमेकींकडे बघितलं, म्हणजे अशा नजरेने की हीच आपली. मग पैसे दिल्यावर टोपलीमागचा स्पीकर हिंदीत ओरडला की पाचसौ साठ मिले. तो सगळ्यात शेवटी आला.

संध्याकाळी घरी येऊन नवीन पिन सेट करायला बसलो. हे काम ज्यांनी आपल्या आईवडलांना करून दिलंय त्यांना सांगायला नको. डेबिट कार्डचे शेवटचे सहा आकडे, मग कार्ड कधी संपतं तो महिना आणि वर्ष, मग ओटीपी. ओटीपी आला तशी आई पुटपुटायला लागली. मी म्हटलं काय करतेस, तर म्हणाली पाठ करते. मी म्हटलं अगं हा पाठ करायचा नसतो, हा थोड्या वेळात मरतो, हा विसरायचाच असतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग देतात कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, सिक्युरिटी वगैरे, पण दिलं नाही.

मग कसं कोण जाणे, विषय पैशांवर गेला. आईचा जन्म 1950 चा. ती सांगते की ती पहिल्यांदा दुकानावर रॉकेल आणायला जायची तेव्हा पोर्तुगीज रुपया होता, सोळा तांगांचा एक रुपया. म्हणून ती पावकी-निमकी, पाव रुपया म्हणजे चार तांगा, पाऊण म्हणजे बारा. मास्तर देवळाच्या मंडपात शिकवायचे, मराठी, सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, जो ओरडत नाही त्याला येत नाही असा साधा हिशोब. मग ती नऊ वर्षांची असताना, 1959 मधे, सरकारने पैसेच बदलले, एस्कुदो आणला. एका रुपयाचे सहा एस्कुदो, आणि एका एस्कुदोचे शंभर सेंताव. म्हाताऱ्या बायका रडकुंडीला आल्या, सोळाचं गणित हातात बसलेलं, त्यात हे सहा आणि शंभर. तर आईच्या आजीने तिला रोज संध्याकाळी परवच्यानंतर बसवून घेतलं आणि सहाचा पाढा पैशांनी म्हणायला लावला, एक रुपया सहा एस्कुदो, दोन रुपये बारा, असा. नात म्हणायची आणि आजी ऐकून शिकायची. आणि हे सगळं तोंडात बसतंय तोवर 1961 उजाडलं, गोवा मुक्त झाला, आणि एस्कुदो गेला, भारताचा रुपया आला. दोन-तीन वर्षांत तीन प्रकारचे पैसे.

"आणि आता चौथे हे," ती फोन वर करून म्हणाली, "हे दिसतसुद्धा नाहीत."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. 47 वर्षं झाली मला. मी तिला कधी विचारलंच नाही, आणि गूगलला विचारलं असतं तर त्याने तारीख सांगितली असती, माझी पणजी आपल्या नातीकडून सहाचा पाढा म्हणवून घेतेय हे काही सांगितलं नसतं.

बरं, पिन. आईने सहा आकडे निवडले, कुठले ते मलाही सांगितले नाहीत, मीच शिकवलेलं की कुणाला सांगायचा नाही. सेट झाला. एक रुपया मला पाठवून बघितला, आला. मी स्वयंपाकाला लागले. भाताचा कुकर लावला, सोलकढीसाठी नारळ फोडला, आणि बाहेरून आवाज यायला लागला, अगदी परवच्याच्या चालीवर, शेवटच्या आकड्यावर लांबवून. बाल्कनीत उभी राहून आई नवीन पिन म्हणत होती. चांगला खणखणीत.

मी धावले. "आई! हळू!"

"हळू म्हणून कधी काय पाठ झालंय?"

हे मात्र खरं बोलली. तिला जे जे येतं ते सगळं तोंडाने शिकलेलं, चारचौघांत, मोठ्याने, आणि मी तिला पहिल्यांदाच अशी गोष्ट शिकायला सांगत होते जी कुणाच्या कानावर पडता कामा नये. मग ती बसणार कुठे? माझी बोटात बसलीय, पण माझं काय, मी उद्या फोन बदलला की मीही पोदेरासमोर उभी.

मी तिला म्हटलं मनात म्हण. तिने डोळे मिटून, ओठ हलवत, मनात म्हटला. दहा वेळा. मग जेवलो. सुंगटांचं हुमण, म्हणजे कालवण, शिल्लक होतं, शुक्रवारचं, फ्रीजमधलं, आई म्हणते शिळं हुमणच चांगलं लागतं.

साडेनऊला कचरा टाकायला खाली उतरले तर जिन्यात खालच्या फ्लॅटमधला सहा वर्षांचा पोरगा एकेक पायरी उडी मारत वर येत होता. प्रत्येक उडीला एक आकडा. सहा पायऱ्या, सहा आकडे, चालीसकट, शेवटचा लांबवून.

उद्या ऑफिसला जायच्या आधी परत डेबिट कार्ड काढायचं आहे.