तुम्ही विचारलंत म्हणून: फवारणीला मास्क कोणता?

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या (कळ्या) धरल्या की हा प्रश्न यायला लागतो. कृषी केंद्राच्या काउंटरवरून येतो, गटाच्या ग्रुपवर येतो, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा वडिलांसाठी विचारतो. कुणी एन-९५चा फोटो पाठवतं, कुणी करोनातून उरलेल्या निळ्या मास्कचं पाकीट. सोबत ठरलेलं वाक्य असतं: "एवढं लावलं की झालं ना?"

नाही झालं. पाठीवरच्या पंपाने फवारताना बहुतेक विष नाकातून नाही, चामडीतून आत जातं. हे दोन ओळींत सांगून बघितलं, कुणाला पटत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

नोझलमधून निघणारं बहुतेक पाणी १०० मायक्रॉनपेक्षा मोठ्या थेंबांत असतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुप्फुसात खोलवर पोचायला थेंब १० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक लागतो. मोठा थेंब हवेत तरंगत राहत नाही, खाली पडतो. तो पिकावर पडतो आणि तुमच्यावरही पडतो. पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर स्प्रेचा तुषार बराच बारीक असतो, तिथे नाकाचा धोका वाढतो, हे मान्य. पण तिथेही अंग आधी भिजतं. नाकातोंडाला बांधलेला रुमाल तर सरळ नुकसान करतो. तो फवारा शोषून घेतो आणि दिवसभर ओठांना चिकटून बसतो.

वासाचंही तसंच. "वास येत नव्हता, म्हणजे औषध सौम्य होतं," असं हमखास ऐकायला मिळतं. ईसी प्रकारच्या, म्हणजे द्रावकात विरघळवलेल्या, औषधांचा जो उग्र वास येतो तो बराचसा द्रावकाचा असतो. विषाचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. शिवाय तेच द्रावक विषाला चामडीतून आत शिरायला मदत करतं.

आता आकडे. पॅराथिऑन हे सेंद्रिय फॉस्फरस (ऑर्गनोफॉस्फेट) गटातलं जुनं कीटकनाशक. त्याची किरणोत्सारी खूण लावलेली अतिसूक्ष्म मात्रा माणसांच्या त्वचेवर वेगवेगळ्या जागी लावून किती आत जातं ते मोजलं गेलं. ती मोजमापं १९७१ साली प्रसिद्ध झाली. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के, तळहातातून १२, पोटाच्या त्वचेतून १८, डोक्याच्या त्वचेतून ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४. अंडकोशाच्या त्वचेतून जवळजवळ सगळं. प्रत्येक रसायनाचा आकडा वेगळा येईल, पण जागांमधला फरक लक्षात घ्या. आणि मग पाठीवरचा गळका पंप डोळ्यांपुढे आणा. झाकणाचा वायसर गेलेला, वाकलं की पाणी पाठीवर, पाठीवरून कंबरेला, कंबरेवरून आतल्या कपड्यात. सकाळी आठला भिजलेली चड्डी दुपारी दोनपर्यंत अंगावर. ओला सुती कपडा त्वचेवर लेपासारखा बसतो, घामाने आणि उन्हाने शोषण आणखी वाढतं. नाकावर मात्र एन-९५.

या मास्कच्या समजुतीचं मूळ मला २०१७च्या यवतमाळमध्ये दिसतं. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेने गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. बातम्यांत "श्वासावाटे विषबाधा" हा शब्द पडला आणि तो चिकटला. श्वासावाटे म्हटलं की उपाय आपोआप मास्क. मग वाटपही मास्कचं, फोटोही मास्क वाटपाचे.

प्रत्यक्षात त्या हंगामात काय काय एकत्र आलं ते बघा. बीटी कपाशी म्हणजे अळी मरावी म्हणून जनुक बदललेलं वाण, त्याला गुलाबी बोंडअळीने दाद देणं सोडलं होतं, म्हणून फवारण्या वाढल्या. कपाशी दाट लावलेली आणि छातीच्या, काही ठिकाणी डोक्याच्या वर गेलेली. एरवी फवारा गुडघ्या-मांडीच्या उंचीवर मारला जातो. इथे दांडी वर धरून मारावा लागत होता आणि मारलेलं डोक्यावर, मानेवर, काखेत परत येत होतं. दोन ओळींमधली वाट बंद झालेली, त्यामुळे नुकत्याच भिजवलेल्या पानांना घासत पुढे जायचं. हवेत दमटपणा, वर ऊन, वारा पडलेला. त्यात बॅटरीचे पंप आले होते. हाताच्या पंपाला दम लागतो, माणूस थांबतो. बॅटरी थांबत नाही, दिवसाला जास्त टाक्या होतात. टाकीत एकाच वेळी दोन-तीन औषधं आणि वर पिकाचं टॉनिक. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनचं तयार मिश्रण, मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन ही नावं त्या वेळी पुन्हा पुन्हा पुढे आली.

आणि पाठीवर पंप कुणाच्या होता? बऱ्याचदा वावर ज्याचं त्याच्या नाही. मजुराच्या होता. मालक आपल्या पाच एकरांत दोन दिवस फवारतो. मजूर आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, पंपामागे (दर टाकीला) पैसे घेऊन सलग पंधरा-वीस दिवस. बाटली प्रत्येक मालकाची वेगळी, शरीर एकच. पाणी आणून देणाऱ्या, बादलीत औषध कालवणाऱ्या बायका तर कुणाच्या मोजणीतच नव्हत्या.

इथे नेहमीचा दुसरा प्रश्न येतो: "आम्ही वीस वर्षं मारतोय, आम्हाला कसं काही झालं नाही?" या प्रश्नाची चीड येते, पण प्रश्न रास्त आहे. सेंद्रिय फॉस्फरस औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. नसेकडून स्नायूला आलेला निरोप पुसून टाकायचं काम या विकराचं. ते उरलं नाही की निरोप चालूच राहतो, म्हणून घाम, लाळ, अश्रू, जुलाब, स्नायूंची फडफड, डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि छातीत साचणारं पाणी. लाल पेशींमधलं हे विकर भरून यायला वेळ लागतो, दिवसाला साधारण १ टक्का. समजा एका दिवसाच्या फवारणीत ते ४ टक्क्यांनी घटलं. दोन दिवस फवारून आठवडाभर थांबलेला माणूस मूळ पदावर येतो. सलग पंधरा दिवस फवारणारा ४५ टक्क्यांनी खाली जातो, आणि तोपर्यंत डोकेदुखी नि थकव्यापलीकडे त्याला काही जाणवलेलंही नसू शकतं. सोळाव्या दिवशी पंप नेहमीपेक्षा थोडा जास्त गळतो आणि लोक म्हणतात, एका दिवसात गेला.

शिवाय "आम्हाला काही झालं नाही" हे सांगायला जे उरले तेच सांगतात. ज्यांना सोसलं नाही त्यांनी फवारणी सोडली, कुणी गाव सोडलं. रोगांची मोजदाद करणाऱ्यांना ही फसगत चांगली ठाऊक आहे: कामावर दिसणारा माणूस नेहमी सरासरीपेक्षा धडधाकट असतो. आणि यवतमाळबद्दल बोलताना आपण सगळेच एक चूक करतो, मीही केली आहे. आजारी किती ते सांगतो, एकूण फवारणारे किती होते ते सांगत नाही. खालचा आकडा नसेल तर दर निघत नाही. कोणत्या औषधाने, कोणत्या पंपाने जास्त माणसं आजारी पडली हे ठरवायला त्याच गावात, त्याच आठवड्यात फवारूनही आजारी न पडलेली माणसं शोधून त्यांना तेच प्रश्न विचारावे लागतात. नुसती दवाखान्यातली यादी घेऊन बसलं की प्रत्येक जण आपल्या नावडत्या बाटलीकडे बोट दाखवतो.

कॅलिफोर्नियात १९७४पासून अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या मजुरांचं कोलिनेस्टरेज हंगामाआधी मोजून ठेवतात. पुढे ते स्वतःच्या मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली आलं की कामाची पद्धत तपासायची, लाल पेशींमधलं ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातलं ६० टक्क्यांवर आलं की माणसाला त्या कामावरून काढायचं, ८० पर्यंत भरून आल्याशिवाय परत घ्यायचं नाही. मूळ पातळी लागतेच, कारण माणसामाणसांत फरक मोठा. एकाचा "नॉर्मल" रिपोर्ट म्हणजे त्याच्या स्वतःच्या निम्मंही असू शकतं. आपल्याकडे कीटकनाशक नियम १९७१ मध्ये वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. पंपामागे पैसे घेणाऱ्याला ती कोण करून देणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता माझ्याच जुन्या सल्ल्याकडे येतो. पूर्वी मी ठामपणे सांगायचो: पूर्ण किट घाला. टोपी, गॉगल, कोट, हातमोजे, बूट. चुकीचं नव्हतं. पण ऑक्टोबरच्या उन्हात अंगभर प्लास्टिकचा कोट घालून पाठीवर १५ लिटर वागवणाऱ्याला उष्माघात होऊ शकतो. दोन टाक्यांनंतर तो कोट धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीला लटकतो आणि आपण म्हणतो, शेतकरी ऐकत नाही. मीही म्हणायचो. आज किट नको असं म्हणत नाही. पण सगळं पाळणं जमत नसेल तर आधी काय, हे सांगायला हवं होतं, आणि ते मी बरीच वर्षं सांगितलं नाही.

आधी हातमोजे, आणि तेही औषध कालवताना. लिटरला २ मिली प्रमाण असेल तर बाटलीतलं १ मिली म्हणजे तयार फवाऱ्याचं अर्धा लिटर. बोटांवर सांडलेला एक थेंब किती महाग पडतो ते यावरून समजा. हातमोजे नायट्राईल रबराचे, जाडसर, कोपराकडे जाणारे. सुती किंवा चामड्याचे नकोत, ते विष पिऊन बसतात. उंच पिकात दांडी वर धरणार असाल तर मोज्याची कड बाहेरून दुमडून ठेवा, म्हणजे ओघळ कोपराकडे जाणार नाही. खाली फवारताना शर्टाची बाही मोज्यावर ओढा. मोजे काढण्याआधी हातात असतानाच साबणाने धुवा. ढवळायला काठी, हात कधीच नाही.

मग पंप. औषध टाकण्याआधी साध्या पाण्याने भरून, वाकून, झाकण, नळी, कॉक आणि दांडीचा जोड गळतो का बघा. वायसर काही रुपयांचा असतो. पाठ आणि पंप यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा, कंबरेखालपर्यंत येईल असा. पूर्ण कोटापेक्षा एवढाच तुकडा लोक दिवसभर ठेवतात. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, मऊ ब्रश वापरा. दांडी समोर हलवत त्याच फवाऱ्यात चालत जाऊ नका. बाजूला धरा आणि ओळी अशा घ्या की वारा तुमच्याकडून फवारलेल्या भागाकडे वाहील. पँट बुटाच्या बाहेर. आणि डोक्यावरून वर गेलेल्या कपाशीत पाठीवरचा पंप घेऊन शिरूच नये, या मतावर मी आलो आहे. गुलाबी अळी बोंडात शिरल्यावर तिला फवारा लागतच नाही, लागतो तो फवारणाऱ्याला. एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग सापडेपर्यंत किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडकी दिसेपर्यंत बाटली उघडायची गरज नाही. उसनवारीवर औषध देणारा दुकानदार हे सांगणार नाही.

धुऱ्यावर साबण आणि एक कॅन साधं पाणी हवंच. तंबाखूचा खर्रा घोटायचा तो हात धुऊन. खरं तर त्या दिवशी नकोच. कपडे बाकीच्या धुण्यात घालू नका. बाटलीतलं औषध ज्याच्यावर सांडलं तो कपडा धुऊ नका, फेकाच.

आणि झालंच तर? आधी कपडे उतरवा, साबण आणि भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, केस आणि नखंसुद्धा. धुणाऱ्यानेही मोजे घालावेत. तूप, दूध, लिंबूपाणी काही पाजू नका, उलटी काढू नका. उन्हाने चक्कर आली म्हणून झाडाखाली निजवू नका. बाहुल्या बारीक झाल्यात का बघा आणि दवाखान्यात न्या, बाटली सोबत घेऊन. प्रोफेनोफॉसवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा चालतो. डायफेन्थियुरॉन कोलिनेस्टरेजवर काम करत नाही, त्यावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा नाही. बाटली नसेल तर डॉक्टर अंदाजाने चालतो. अ‍ॅट्रोपिनच्या ०.६ मिग्रॅच्या तीन-पाच अ‍ॅम्प्युल (काचेच्या कुप्या), मग दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत, अशी ती मात्रा चढते. रिकाम्या अ‍ॅम्प्युलचा ढीग बघून नातेवाइकांनी भांडू नये. आणि पेशंट उठून बसला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी आणू नका. एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. उशीवरून डोकं उचलता येत नसेल तर ती धोक्याची खूण आहे, मग घाम-लाळ थांबलेली का असेना.

एवढं सगळं वाचूनही तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो. मास्क घ्यायचाच तर कोळशाचं काडतूस आणि कणांचं गाळणं दोन्ही असलेला, अर्ध्या चेहऱ्याचा रबरी. दाढी असेल तर तो बसत नाही. आतून वास आला की काडतूस संपलं. वापर झाला की हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर खुंटीवर लटकूनच ते संपतं. हातमोज्यांच्या कितीतरी पट महाग पडेल. आधी हातमोजे घ्या.