तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा नेमकी कशासाठी?

मी कायदा शिकवतो हे कळले की बहुतेक जण विचारतात: शिक्षा जरब बसावी म्हणून द्यायची, माणूस सुधारावा म्हणून, की कृत्याचे फळ म्हणून? उत्तर देण्याआधी मी १८८४चा एक खटला सांगतो.

‘मिन्योनेट’ ही इंग्रज नौका भर समुद्रात बुडाली आणि चौघे जण लहानशा होडीत उरले. उपासमारीच्या टोकाला त्यांपैकी डडली आणि स्टीफन्स यांनी आजारी पडलेल्या १७ वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारले. त्याच्या मांसावर उरलेले तिघे तगले. जीव वाचवण्याची निकड हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असे ठरवून न्यायालयाने दोघांना देहदंड सुनावला. पुढे तो सहा महिन्यांच्या कैदेवर आणला गेला.

काहींना यात विसंगती दिसते, मला मात्र दोन प्रश्नांची योग्य फारकत दिसते. दोषी कोण, हे ठरवताना न्यायालयाने फक्त मागे पाहिले: कृत्य कोणते, नियम कोणता, आणि कोणाचा जीव कमी मोलाचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाला? किती शिक्षा, हा प्रश्न वेगळा आहे. जिथे जरब बसूच शकत नाही तिथे शिक्षा व्यर्थ, असे शिक्षेचे मोल तिच्या परिणामांवरून ठरवणारा इंग्रज तत्त्वज्ञ बेन्थम म्हणे, आणि भुकेने मरणाऱ्याला फाशीची जरब ती कसली? याउलट जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७मध्ये लिहिले की बेटावरचा समाज विखुरणार असला, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी देहदंड द्यायलाच हवा. ही निष्ठुरता मला पटत नाही. पण माणसाला इतरांसाठीचे साधन करू नये, हा त्यामागचा आग्रह मी सोडू शकत नाही, कारण केवळ परिणाम पाहायचे तर निरपराध्याला शिक्षा देऊनही जरब बसवता येईल.

म्हणून, कायद्याचा इंग्रज तत्त्वज्ञ हार्टने १९५९मध्ये हे प्रश्न वेगळे केले त्याच वाटेने, माझे मत असे: दोष आणि शिक्षेची कमाल मर्यादा कृत्यानेच ठरावी, सुधारणेचा किंवा जरबेचा विचार त्या मर्यादेच्या आतच व्हावा.

निकालपत्र वाचताना मी विद्यार्थ्यांना मागे, म्हणजे कृत्याकडे, पाहणारी वाक्ये निळ्या आणि पुढे, म्हणजे परिणामांकडे, पाहणारी लाल पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगतो. ‘समाजाला संदेश जावा’ या लाल वाक्यानंतर शिक्षेची वर्षे वाढलेली आढळली, की आम्ही तिथे थांबतो आणि ती जादा वर्षे या आरोपीच्या कोणत्या कृत्याची, हे निळ्या वाक्यांत शोधतो.