पाचव्या चौकटीत तो नेमका काय करतोय?

"वाचून खरं खरं सांग हं" असं म्हणून कुणी आपलं लिखाण हातात दिलं की माझ्या पोटात गोळा येतो. कविता असेल तर निभावून नेता येतं. "शेवटची ओळ आवडली" म्हणायचं. शेवटची ओळ प्रत्येक कवितेला असतेच. कथा असेल तर "वातावरण छान जमलंय" हे वाक्य कामी येतं. कॉमिकच्या स्क्रिप्टपुढे मात्र माझी ही मात्रा चालत नाही, कारण मी चित्रं काढते. वाचता वाचता हात आपोआप पेन्सिलीकडे जातो आणि कुठल्यातरी चौकटीशी येऊन अडतो. मग तोंडाने कितीही गोड बोललं तरी कागद कोराच असतो, आणि तो समोरच्यालाही दिसत असतो.

मैत्रिणीचा मुलगा परवा आपली पहिलीवहिली स्क्रिप्ट घेऊन आला. चोवीस पानांचं कॉमिक. माझ्याआधी ती बऱ्याच जणांच्या हातांखालून गेली होती. आईला ती "फारच सुंदर" वाटली होती, ते साहजिकच. एका मित्राला नायकात पुरेसा बदल घडताना दिसला नव्हता. दुसऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिले होते. एकीने वेगळा शेवट सुचवला होता, आणि तो तिच्याच मनात कधीपासून घोळत असलेल्या कथेचा आहे हे त्याच्याही लक्षात आलं होतं. पोराने हे सगळं इमानेइतबारे वहीत उतरवून घेतलं होतं. यातलं कुणी चुकीचं बोललं असं मी म्हणणार नाही. पण सगळ्यांनी ती गोष्ट म्हणून वाचली होती, आणि कॉमिकची स्क्रिप्ट ही मुळात वाचकासाठी लिहिलेली नसतेच. ते एकाच माणसाला लिहिलेलं पत्र असतं. तो माणूस म्हणजे चित्रकार. वाचकाच्या हाती ते पत्र कधीच पडत नाही.

आता त्याची पाचवी चौकट बघा. "तो दार उघडून आत येतो, ओली छत्री कोपऱ्यात टेकवतो, इकडेतिकडे बघतो आणि टेबलावरची चिठ्ठी पाहून दचकतो."

वाचायला काही अडचण आहे का? अजिबात नाही. काढायला बसलं की कळतं. दार उघडताना हात कडीवर, छत्री टेकवताना कंबरेत वाकलेला, बघताना मान वळलेली, दचकताना एक पाऊल मागे. माणूस एक, त्याचं शरीर एक, क्रियापदं चार.

"यातलं काय काढू?" मी विचारलं.

"सगळंच, मावशी. म्हणजे तो आत येतो ना, आणि मग..."

"ते वाचलं मी. चित्र थांबलेलं असतं. हा कुठे थांबलाय?"

जरा वेळ गेला. "दचकताना," तो म्हणाला.

"मग दार?"

"ते काय, समजेलच की."

मला हेच त्याच्या तोंडून हवं होतं. समजेलच! दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी असते, जिला कॉमिकवाले गटर म्हणतात, तिचा सगळा कारभार या 'समजेलच'वर चालतो. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी कॉमिककाराच्या १९९३ सालच्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात याचं एक अंगावर येणारं उदाहरण आहे. एका चौकटीत कुऱ्हाड उगारून एकजण दुसऱ्याच्या मागे लागलाय. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. खून कुठेच काढलेला नाही. मॅक्लाउडचं म्हणणं असं की कुऱ्हाड उगारलेली त्याने काढली खरी, पण ती खाली आणली वाचकाने, आणि घाव किती जोरात घालायचा तेही वाचकानेच ठरवलं. एक अख्खा खून जर त्या पट्टीत मावतो, तर दार उघडून आत येणं का मावू नये?

छत्री मात्र मी वगळू दिली नाही. त्याच चौकटीच्या डोक्यावर त्याने निवेदन टाकलं होतं, "बाहेर मुसळधार पाऊस पडत होता." कोपऱ्यात उभी छत्री आणि तिच्या टोकाशी साचलेलं पाणी एवढं काढलं की त्या निवेदनाला काही काम उरत नाही. नवशिक्या स्क्रिप्टमध्ये हे हटकून दिसतं: चित्रात जे दिसणार तेच शब्दांत पुन्हा. त्यामागे चित्रकारावरचा अविश्वास असतो असं मी पूर्वी समजायचे आणि मनातल्या मनात चिडायचे. आता वाटतं, लिहिणाऱ्याला अजून चित्र दिसत नसतं, इतकंच. तो बिचारा शब्दांनी चाचपडत असतो.

त्याला आल्या आल्या पडलेला प्रश्न वेगळाच होता. समास किती सोडायचा, चौकटीला आकडा द्यायचा की अक्षर, पात्रांची नावं ठळक करायची का. याचं उत्तर सोपं आहे: ज्याला जे सोयीचं ते. सिनेमाच्या पटकथेसारखा एकच ठरलेला साचा कॉमिकमध्ये कधी रुजलाच नाही. 'वॉचमेन'चा लेखक ॲलन मूर एकेका चौकटीचं वर्णन पान पानभर लिहायचा. उलट १९६०च्या दशकात 'मार्व्हल'चा लेखक-संपादक स्टॅन ली चित्रकाराला कथानक थोडक्यात द्यायचा, पानं काढून आली की मग त्यात संवाद भरायचा. दोघांचंही बरं चाललं.

अभिप्राय देताना मी शक्यतो बोलत नाही. लिहिणाऱ्याला शेजारी बसवते आणि त्याच्यासमोर पान काढते. काडीची माणसं, डोकं म्हणजे एक गोल, बस. अट दोघांनाही एकच. मी फक्त कागदावर आहे तेवढंच काढणार, आणि त्याने मधे बोलायचं नाही. ही दुसरी अट पाळताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. "नाही पण मला तसं म्हणायचं नव्हतं" हे वाक्य ओठांवर येऊन परत जाताना दिसतं. मी म्हणते, छापलेल्या प्रत्येक प्रतीबरोबर तू थोडाच जाणार आहेस समजावून सांगायला? जपानमध्ये तर पक्की चित्रं काढण्याआधी अशी कच्ची पानं संपादकाला दाखवायची रीतच आहे. त्यांना 'नेमु' म्हणतात, आणि सगळी हाणामारी त्या कच्च्या पानांवर होते. शहाणी माणसं.

तर मी काढत गेले. सातव्या पानावर बहीण-भावाचं कडाक्याचं भांडण. त्याने लिहिलं होतं, डावीकडे भाऊ, उजवीकडे बहीण, आणि पहिलं वाक्य बहिणीचं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे संवादाचा पहिला फुगा डावीकडे हवा. पण बोलणारी उभी उजवीकडे. फुग्याचं शेपूट भावाच्या नाकावरून ओढत तिच्या तोंडापर्यंत न्यावं लागलं. मी काही न बोलता तसंच ओढलं. पोरगा खो खो हसत सुटला. मग त्यानेच खोडरबर घेतलं आणि दोघांच्या जागा बदलल्या. हे मी तोंडी सांगितलं असतं तर वहीत आणखी एक मुद्दा वाढला असता, दुसरं काय?

त्याच भांडणात भावाचं एक भाषण होतं. भाषणच म्हणायचं त्याला. मी ते फुग्यात मावेल असं लिहायला घेतलं, तर फुगा वाढत वाढत बहिणीच्या गळ्यापर्यंत आला. याबाबत एक जुना हिशोब आहे. ॲलन मूरने तो सांगितलाय, पण मूळचा तो 'सुपरमॅन'चा संपादक मॉर्ट वाइझिंगर याचा: सहा चौकटींचं पान, चौकटीला जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१०. त्यापुढे शब्द चित्राला खायला लागतात. मराठीत लिहिणाऱ्याने तर हा आकडाही जरा कमीच धरावा असं माझं मत आहे. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द मोजायला कमी भरतात आणि जागा तेवढीच अडवतात. शिवाय वर वेलांट्या, मात्रा, खाली उकार. दोन ओळी एकमेकींना खेटून बसवता येत नाहीत. चार ओळींच्या इंग्रजी फुग्याचं मराठी केलं की फुगा टम्म होतो, हे ज्याने हाताने अक्षरं काढलीत त्याला विचारा.

अकराव्या पानावर खरा धक्का होता: मेलेला समजलेला काका दारात उभा. कल्पना चांगली, जागा वाईट. छापील पुस्तकात पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणजे दहावं आणि अकरावं समोरासमोर. वाचकाने पान उलटलं की दहाव्यावरची पहिली चौकट वाचायच्या आधीच डोळ्याच्या कोपऱ्यातून काका दिसणार. धक्का द्यायचा तर डावीकडच्या पानावर, वरच्या पहिल्या चौकटीत द्यावा, आणि दारावरची टकटक त्याच्या आधीच्या उजव्या पानाच्या तळाशी ठेवावी. मग पान उलटण्याचं काम वाचकाच्या बोटाकडे जातं. हे ऐकून त्याचे डोळे जे चमकले! फोनवर वाचायच्या कॉमिकमध्ये पान उलटणं नसतं, तिथे लांबलचक रिकामी जागा सोडून वाचकाला खाली सरकायला लावतात. तो त्याचा प्रांत, तो मला शिकवेल.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. सोळाव्या पानावर एक चौकट होती: "ती भिंतीकडे तोंड करून बसली आहे. संवाद नाही." मी म्हटलं, तुझ्या चोवीस पानांत ही सगळ्यात चांगली. त्याचा विश्वासच बसेना. त्याच्या लेखी ती भरतीची चौकट होती. भांडणानंतर तिने काय बोलावं ते सुचेना, म्हणून रिकामी सोडलेली. पुढच्या खर्ड्यात तिथे तो चांगलं स्वगत घालणार होता! मी जवळजवळ हात जोडले. अरे, 'जी. आय. जो' या अमेरिकी कॉमिकचा १९८४ सालचा एकविसावा अंक अथपासून इतिपर्यंत मुका आहे, एक फुगा नाही, आणि लोक अजून त्याचं नाव काढतात. तुला एक चौकट गप्प ठेवता येत नाही? तो "बघतो" म्हणाला. हे "बघतो" मी चांगलंच ओळखते.

अभिप्रायाचं हेच अवघड काम आहे, असं मला वाटतं. दोष दाखवणं सोपं. कागदावर ते आपोआप उघडे पडतात. पण जे जमलंय ते लिहिणाऱ्याला बहुधा दिसत नाही, कारण त्यासाठी त्याला घाम गाळावा लागलेला नसतो. दुसऱ्या खर्ड्यात नेमकं तेच कापलं जातं. म्हणून मी आता आधी चांगल्या चौकटींवर खूण करते आणि बजावते, याला हात लावशील तर बघ. शेवट बदलायला मी सुचवलं नाही. सुचला होता, चांगला सुचला होता, पण तो गिळला.

काल त्याचा दुसरा खर्डा आला. पाचव्या चौकटीत आता एकच क्रियापद आहे. काका बाराव्या पानावर गेलाय. सोळावं पान मी अजून उघडलेलं नाही, कारण तिसऱ्याच पानावर अडकून पडलेय. तिथे शेवटच्या चौकटीत लिहिलंय, "शे-दोनशे माणसं, सगळी सायकलवर." त्याचे चार शब्द. सायकल काढणं म्हणजे काय असतं, हे समजावून द्यायला मी त्याला रविवारी बोलावलंय. येताना स्वतःची पेन्सिल घेऊन ये म्हटलंय.