चार ओळींचं मोगादिशू

धनत्रयोदशी तीन दिवसांवर आली होती. पेपरात काम केलेल्यांना याचा अर्थ लगेच कळेल: बातम्यांना जागा नाही. सराफ, फ्लॅट, टूव्हीलर यांच्या जाहिरातींतून जी फट उरेल तिच्यात अख्खं जग कोंबायचं. १४ ऑक्टोबर २०१७, शनिवार. मी तेव्हा नाशिकला एका दैनिकात रात्रपाळीची उपसंपादक होते आणि देश-विदेशचं पान माझ्याकडे होतं. त्या रात्री माझ्या वाट्याला अर्धं पान आलं.

मुख्य बातमी ठरलेलीच होती, कॅलिफोर्नियातला वणवा. नापा-सोनोमाच्या द्राक्षबागांमागे पेटलेल्या टेकड्यांचा फोटो आला होता. "अगं, द्राक्षं आहेत, तीन कॉलम घे. दिंडोरी-पिंपळगावात वाचतील," असं आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले. ते चूक नव्हते. शिवाय शहरातल्या किती घरांतली पोरं तिकडे नोकरीला! वाचकाचं माणूस जिथे असतं तिथली आग जवळची वाटते.

रात्री आठच्या सुमारास वृत्तसंस्थेकडून मोगादिशूची, म्हणजे सोमालियाच्या राजधानीची, कॉपी आली. ट्रकबॉम्बचा स्फोट, किमान २० ठार. मी ती 'संक्षिप्त'मध्ये टाकली, चार ओळी. पान लावणाऱ्या ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, सोमालिया म्हणजे ते चाचेवाले ना?" मी हो म्हटलं. आपल्याला तो देश खलाशांच्या अपहरणांमुळे माहीत. त्याच वर्षी मुंबईच्या न्यायालयाने काही चाच्यांना शिक्षाही सुनावली होती. तिथे शहरं असतात, चौक असतात, शनिवारी दुपारी माणसं बाजारात असतात, हे डोक्यात यायला कुठल्याच बातमीने जागा केली नव्हती. मीही त्या बातम्या लावणाऱ्यांतलीच.

मथळा केला: 'सोमालियात स्फोट, २० ठार'. आमचे मुद्रितशोधक जुने, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी प्रूफवर पेन्सिलीने लिहिलं, 'गाव?' मी सांगितलं, सिंगल कॉलममध्ये मोगादिशू बसत नाही, दुसरी ओळ करायला जागा नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या प्रूफला हात घातला.

बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती छपाईला गेली.

रविवारी पुन्हा माझीच पाळी. दिवसभरात शंभर ओलांडलेला आकडा शहर आवृत्ती सोडेपर्यंत दोनशेच्या वर गेला. झोबे चौकात सफारी हॉटेलजवळ ट्रक उडाला, शेजारी इंधनाचा टँकर होता, तोही पेटला. मृतदेह इतके जळालेले की ओळख पटेना. आमीन ही तिथली फुकट ॲम्ब्युलन्स सेवा. दहा वर्षांत असं पाहिलं नाही, असं ते लोक सांगत होते. मग कळलं, वैद्यकीय शिक्षण संपवलेली एक मुलगी दुसऱ्याच दिवशी पदवी घेणार होती. समारंभासाठी आलेल्या वडिलांना तिच्या दफनाला जावं लागलं.

मी कॉपी घेऊन उठले. पहिल्या पानावर निदान दोन कॉलम द्या, म्हटलं. तिथे गुरुदासपूरच्या पोटनिवडणुकीचा निकाल बसला होता.

"अगं, पण ती कालची ना? काल आपण दिली."

दिली होती. चार ओळी.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, आणि मला अजून टोचतं ते हेच. दोन आठवड्यांपूर्वी अमेरिकेत लास व्हेगसला गोळीबारात ५८ माणसं मारली गेली, तेव्हा बातमी आमच्या दारात पूर्ण होऊनच आली: बत्तिसावा मजला, खिडकी, बंदुका, आकडा, फोटो. आम्ही पहिलं पान मोकळं केलं, आतल्या पानावर ग्राफिकही काढलं. मोगादिशू मात्र हप्त्याहप्त्याने आलं आणि प्रत्येक हप्त्याला आधीच्याने शिळं करून ठेवलं होतं. हे काही फक्त आफ्रिकेच्या वाट्याला येत नाही. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबरला एका सकाळी २३ जण चेंगरून मेले, तेव्हा आम्ही पानंच्या पानं दिली. त्याच दिवसांत यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर मरत होते, पण एकेक, दोन-दोन करत. ते आमच्या आवृत्तीत किती उशिरा पोचले! तेसुद्धा आपल्याच राज्यातून.

मंगळवारी रात्री पॅरिसहून एक फोटो आला. मोगादिशूच्या मृतांसाठी आयफेल टॉवरचे दिवे मालवले होते. फोटो सुंदर होता. काळोखात उभा तो सांगाडा, त्यावर एक दिवा नाही. मुख्य उपसंपादक लांबूनच म्हणाले, "मस्त आहे, दोन कॉलम घे." मी घेतला. आमच्या पेपरात मोगादिशूचं नाव पहिल्यांदा मथळ्यात आलं ते असं, पॅरिसच्या पाठीवर बसून. मुद्रितशोधकांनी प्रूफ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच लिहिलं नाही.

डिसेंबरात तिथल्या चौकशी समितीने ५१२ हा आकडा दिला. पुढे मार्च २०१८ मध्ये तो ५८७ झाला. तोवर मी दुसऱ्या पानावर गेले होते. आमच्या फाइलमध्ये त्या रविवारच्या अंकात अजून तोच मथळा आहे, सोमालियात स्फोट. गावाचं नाव नाही.