आईसाठी फोटो प्रिंटर घेताना

आईला फोनवर फोटो दाखवला की ती दोन सेकंद बघते आणि फोन परत देते. "काचेत काय दिसणार मला? हातात दे काहीतरी," हे तिचं ठरलेलं वाक्य. ती गुहागरला, मी डोंबिवलीला. भाच्याच्या लग्नाचे चारशे फोटो माझ्या फोनमध्ये पडून होते आणि आईकडे नातवाच्या लग्नाचा एकही फोटो नव्हता. घरी फोटो प्रिंटर घ्यायचा विचार तिथून सुरू झाला. सुरू होऊन प्रत्यक्ष घेईपर्यंत चार महिने गेले. त्यात जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

घरात एक प्रिंटर होताच. मुलगी दहावीला असताना साडेतीन हजारांत घेतलेला, दोन कार्ट्रिजचा. एक काळं आणि एक तिरंगी. प्रोजेक्टची पानं त्यावर ठीक निघायची. लग्नाचे फोटो काढायला घेतले आणि नऊशे रुपयांचं नवं तिरंगी कार्ट्रिज अठ्ठावीस फोटोंत संपलं. मी मोजत होते म्हणून आकडा पक्का आहे. म्हणजे एका फोटोला बत्तीस रुपये नुसती शाई, कागद वेगळा.

तिरंगी कार्ट्रिजची खरी अडचण अशी की निळा, गुलाबी आणि पिवळा हे तिन्ही रंग एकाच डबीत असतात. आपल्या लग्नाच्या फोटोंत काय असतं? हळद, कुंकू, लाल-केशरी साड्या आणि माणसांचे चेहरे. गुलाबी आणि पिवळा भराभर उडतो, निळा तसाच शिल्लक राहतो. पण गुलाबी संपला की अख्खी डबी बाद. शेवटच्या चार फोटोंत नवरी हिरवट दिसत होती. ते फोटो मी फाडले आणि मला खरंच वाईट वाटलं.

मग रिफिल करून पाहिलं. गल्लीतल्या दुकानात सिरिंजने शाई भरून दिली, दोनशे रुपये. दहा-बारा फोटो बरे आले, मग आडव्या रेघा यायला लागल्या. आठवड्याभरात शाई झिरपून प्रिंटरच्या पोटात गेली. तो प्रिंटर तिथेच संपला.

तेव्हा हा व्यवहार नीट समजून घ्यायचं ठरवलं. कार्ट्रिजवाला प्रिंटर स्वस्तात मिळतो, कारण कंपनीची कमाई पुढे शाईवर होते. इंक टँकचं गणित उलटं आहे. प्रिंटर महाग, पण शाई बाटलीत मिळते, प्रत्येक रंगाची टाकी वेगळी, आणि जो रंग संपेल तेवढाच भरायचा. इथवर बहुतेकांना माहीत असतं. मलाही वाटलं, चला, कुठलाही टँक प्रिंटर घेऊन टाकू.

शाळेतल्या एका मैत्रिणीकडे चार रंगांचा टँक प्रिंटर आहे. मुलांच्या वर्कशीट ती त्याच्यावर काढते. तिच्याकडे माझे दोन फोटो काढून पाहिले हे फार बरं झालं. लांबून छान दिसले. उजेडात डोळ्यांजवळ धरल्यावर गालावर बारीक बारीक ठिपके दिसायला लागले, आणि जुना कृष्णधवल फोटो किंचित हिरवा आला. मैत्रिणीच्या प्रिंटरचा यात काहीच दोष नाही, तो त्या कामासाठी बनलेलाच नाही. फिकट गुलाबी छटा दाखवायला चार रंगांच्या प्रिंटरला गडद गुलाबीचेच ठिपके विरळ टाकावे लागतात, आणि विरळ ठिपके डोळ्याला दिसतात. शिवाय अशा बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची असते. मजकुरासाठी ती उत्तम, पण ग्लॉसी कागदावर ती वापरली जात नाही. तिथे काळा रंग बाकीचे तीन रंग मिसळून तयार होतो, आणि त्यात जरा कमीजास्त झालं की कृष्णधवल फोटो हिरवट नाहीतर तांबूस दिसतो. म्हणून फोटोसाठी सहा रंगांचाच टँक बघायचा, एवढं नक्की झालं.

एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. बरोबर पेन ड्राइव्हमध्ये तीन फोटो आणि पिशवीत माझाच ग्लॉसी कागद. पहिला फोटो आईचा, उन्हात हसतानाचा, चेहऱ्याच्या रंगासाठी. दुसरा दिवाळीच्या रात्रीचा, पणत्या आणि मागे काळोख. तिसरा मामाकडच्या ट्रंकेत सापडलेला २ बाय ३ इंचांचा कृष्णधवल फोटो, मागे शाईने '१९५६' लिहिलेला. आजोळच्या खळ्यातला. तो यांच्या ऑफिसातल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरून, स्कॅन करून घेतला होता. फोटो नीट छापायला इंचाला ३०० ठिपके लागतात असं धरलं, तर २ बाय ३ इंचांचा फोटो १२०० ला स्कॅन केल्यावर ८ बाय १२ इंचांपर्यंत मोठा करता येतो. जुने छोटे फोटो ज्यांना मोठे करायचे आहेत त्यांनी हे गणित लक्षात ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेल्या फाइलचा मात्र मोठा प्रिंट काढू नये, ती आधीच बारीक झालेली असते. डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

दोन दुकानांत प्रिंट काढून बघायला नाही म्हणाले. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी आधी एकच प्रश्न विचारला, "महिन्याला किती फोटो काढणार, ते सांगा." मी म्हटलं, "पन्नास-साठ." मग त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या.

पहिला, हातात मावणारा कॅननचा सेल्फी सीपी १५००. हा डाय सब्लिमेशनवर चालतो, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरतो, ओली शाई नाहीच. कागद चार वेळा आतबाहेर होतो, आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, आणि शेवटी वरून पारदर्शक थर. बघायला फार सुंदर वाटतं. पाण्याचा थेंब पडला तर पुसून घ्यायचा, आणि महिनोन्‌महिने बंद ठेवला तरी काही चोक होत नाही. वर्षाला शंभर फोटो काढणाऱ्याने डोळे मिटून हा घ्यावा असं माझं मत आहे. पण त्याचा कागद आणि रिबन एकत्रच घ्यावी लागते, १०८ फोटोंचा पॅक येतो, आणि काकांनी सांगितलेल्या भावाने एक फोटो पंचवीस रुपयांच्या आसपास जात होता. शिवाय पोस्टकार्डापेक्षा मोठा फोटो निघत नाही. मला ट्रंकेतला फोटो मोठा करायचा होता.

दुसरा एप्सन एल ८०५०. सहा रंग, त्यात फिकट निळा आणि फिकट गुलाबी वेगळे. आईचा फोटो ह्याच्यावर असा आला की मी बराच वेळ तो हातातून खाली ठेवला नाही. गालावर एकही ठिपका नाही, कपाळावरचं ऊन मऊ. चेहऱ्यांसाठी मला तोच सरस वाटला.

तिसरा कॅनन पिक्स्मा जी ५७०. ह्याच्यातही सहा रंग, पण जादाचे दोन वेगळे, लाल आणि करडा. दिवाळीच्या पणत्या ह्यात छान पेटल्या. मग १९५६ चा फोटो काढला. करड्या शाईमुळे राखाडी खरोखर राखाडी आलं, हिरवी-तांबूस झाक अजिबात नाही. खळ्यातलं सारवण, आजोबांच्या धोतराच्या चुण्या, मांडवाच्या सावलीतली माणसं, सगळं वेगवेगळं दिसायला लागलं. घरात असे साठ-सत्तर जुने फोटो आहेत. माझा निर्णय तिथे झाला. वापरलेली शाई ज्यात जमा होते तो मेंटेनन्स कार्ट्रिज आपल्याला घरी बदलता येतो, हे दुसरं कारण. नाहीतर तो भरल्यावर प्रिंटर उचलून सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. ह्याचाच स्कॅनरवाला भाऊ जी ६७० आहे, पण स्कॅनरची सोय असल्यामुळे तो घेतला नाही.

आता पैशांचं. सहा बाटल्यांच्या एका सेटला मला अडतीसशे रुपये पडतात. एका सेटमध्ये ४ बाय ६ चे ३,८०० फोटो निघतात असं कंपनी सांगते. मी त्याचं निम्मंच धरलं, कारण हेड, म्हणजे कागदावर शाई टाकणारा भाग, साफ करण्यात शाई जाते आणि माझे फोटो गडद रंगांचे असतात. तरी फोटोमागे शाईचे दोन रुपये. २७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) चांगला ग्लॉसी कागद पाच रुपये. म्हणजे सात रुपये. कागद शाईपेक्षा महाग पडतो, हे मला कागदावर आकडे मांडेपर्यंत सुचलंच नव्हतं. स्टेशनजवळचा स्टुडिओ ४ बाय ६ चे बारा रुपये घेतो. फोटोमागे पाच रुपये वाचतात, आणि प्रिंटरला गेले वीस हजार. ते वसूल व्हायला चार हजार फोटो काढायला हवेत. ज्यांना वर्षातून दोनदा, एकदम शंभर फोटो हवे असतात, त्यांनी सरळ स्टुडिओत जावं. मला घ्यायचा होता तो जुन्या फोटोंसाठी. एकच फोटो उजळ, मग जरा गडद, मग कडा कापून असा चार वेळा काढून बघायचा असतो, आणि त्यासाठी दर वेळी स्टेशन गाठणं होत नाही.

घरी आणल्यावर पहिलाच प्रिंट चिकट आला. शाई कागदावर तरंगत होती, बोट लावलं की पसरायची. प्रिंटर बिघडला असं वाटून मी दुकानात फोन केला. काका म्हणाले, "पेपर टाइप काय निवडलाय?" साधा कागद निवडलेला होता. ग्लॉसी फोटो पेपर निवडल्यावर लगेच ठीक झालं. कागदाची चकचकीत बाजू मागच्या ट्रेमध्ये आपल्याकडे, वर तोंड करून ठेवायची. आणि प्रिंट निघाला की लगेच अल्बममध्ये किंवा काचेच्या फ्रेममध्ये घालायचा नाही, एक दिवस मोकळा वाळू द्यायचा.

स्वस्त कागदाचा मोह मला झाला होता. १८० जीएसएमचा अडीच रुपयांचा कागद आणला. फोटो बरा आला, पण दोन दिवसांत कडा वळल्या आणि हातात घेतल्यावर चित्र फोटोसारखं वाटत नव्हतं, कॅलेंडरसारखं वाटत होतं. आईला ते हातात द्यायचं आहे, त्यामुळे कागदात काटकसर नाही. शाईतही बाहेरची घातली नाही. वॉरंटी आहे तोवर तरी नाहीच, आणि रंग बदलले तर जुने फोटो काढायला मी बसले होते त्याला काही अर्थ उरत नाही.

पावसाळ्यात वेगळीच शिकवण मिळाली. जुलैमध्ये ट्रेमध्ये राहिलेले दहा कागद दमट होऊन पापडासारखे वळले. तेव्हापासून कागद पापडाच्याच पत्र्याच्या डब्यात ठेवते, तळाला औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. एप्रिल-मेमध्ये उलट त्रास, शाई नोझलमध्ये, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांत, वाळते. त्याला उपाय एकच, आठवड्याला एक रंगीत फोटो काढायचा. पाच-सात रुपयांत भागतं, हेड क्लीनिंगला त्याच्यापेक्षा जास्त शाई जाते. रविवारी सकाळी चहा झाला की आमच्याकडे एक फोटो निघतो. कुठला काढायचा हे मुलगी ठरवते. आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटनाने, भिंतीवरच्या नाही. त्याच्या बटनाने बंद केला की तो हेड जागेवर नेऊन झाकतो, मग शाई वाळत नाही.

गणपतीला गुहागरला गेले तेव्हा लग्नाचे दीडशे फोटो आणि १९५६ चा फोटो ए फोर आकारात मोठा करून नेला. लग्नाचे फोटो आईने एकेक करून दोन तास बघितले, मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. मग मोठा फोटो घेऊन पडवीत उजेडाला गेली. मूळ फोटोत मांडवाच्या सावलीत, अगदी कडेला, एक मुलगी उभी आहे. चेहरा हरभऱ्याएवढा. आम्हा भावंडांना ती कोण ते माहीत नव्हतं, मामालाही नाही. आईने चष्मा पुसला, परत लावला.

"ही माझी धाकटी आत्या गो. लग्न ठरलं होतं, त्याच पावसात तापाने गेली. हिचा फोटो नाही म्हणायचे सगळे."

मग जरा वेळाने, "हिचा एकटीचा निघेल?"

डोंबिवलीला येऊन तो चेहरा खांद्यापर्यंत कापून घेतला. एवढ्याशा तुकड्याचा मोठा फोटो करता येत नाही, फुटतो. पण पासपोर्ट आकारात स्वच्छ आला, केसांतला गजरासुद्धा कळतो. ४ बाय ६ च्या एका कागदावर पासपोर्टचे आठ फोटो बसतात. आठही तिचेच काढले, एक दिवस वाळू दिले, कापले आणि पाकिटातून पाठवले.

पुढच्या सोमवारी आईचा फोन आला. सात फोटो कुणाकुणाला पोचवले ते तिने नात्याने सांगितलं, दापोलीपासून चिपळूणपर्यंत. आठवा तिच्या पोथीत ठेवला आहे.