लाल लेबलची सिरिंज

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला भेटायला गेले की ठरलेला प्रश्न येतो, "डॉक्टर, मध्येच जाग आली तर?" भूल म्हणजे एकच इंजेक्शन, ते दिलं की माणूस झोपतो आणि उतरलं की उठतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात झोपेचं औषध वेगळं, वेदना थांबवणारं वेगळं आणि स्नायू सैल करणारं वेगळं. या तिसऱ्याला आम्ही रिलॅक्संट म्हणतो. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, माझ्यासमोर दहा सिरिंज असल्या तरी नजर सारखी जाते ती त्याच्या सिरिंजकडे.

रिलॅक्संट मेंदूवर काम करत नाही. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे ॲसिटिलकोलिन स्नायूला आकसायला सांगतं, ते सांगणं हे औषध अडवतं. मग हात, पाय, पापण्या, जीभ सगळं लुळं पडतं आणि श्वासही थांबतो. हृदय मात्र चालू राहतं. ऐकू येतं, कळतं, दुखतं. 1942 मध्ये मॉन्ट्रियलला ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी क्युरारे हे रिलॅक्संट वापरलं, तेव्हापासून ही औषधं भूलशास्त्रात रुळली. त्यानंतरही काही वर्षं क्युरारेने शुद्ध हरपते का, यावर वाद चालू होता. 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने ते स्वतःच्या शरीरात टोचून घेतलं, पूर्ण लुळा पडेपर्यंत, आणि नंतर सांगितलं की सगळा वेळ तो पूर्ण शुद्धीत होता, वेदनाही जाणवत होती. त्याच्या या धाडसापुढे मी आजही नतमस्तक होते.

म्हणूनच पेशंटचा तो प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही. ब्रिटनमधल्या 2014 च्या मोठ्या पाहणीत भुलेत जाग आल्याच्या तक्रारी, रिलॅक्संट वापरलं होतं तिथे साधारण 8,000 भुलांमागे एक अशा निघाल्या आणि वापरलं नव्हतं तिथे सुमारे 1,36,000 मागे एक. कारण उघड आहे. रिलॅक्संट नसेल तर अर्धवट जागा झालेला माणूस हात हलवतो, आपल्याला लगेच समजतं. रिलॅक्संट दिलेला माणूस काहीच करू शकत नाही. त्यामुळे आधी झोप, ती पक्की झाल्याची खात्री, मगच रिलॅक्संट. आणि त्याचा परिणाम पुरता उतरेपर्यंत झोपेचं औषध बंद करायचं नाही.

आता सिरिंजचं. व्हेक्युरोनियम हे रिलॅक्संट पावडरच्या रूपात येतं, पाण्यात विरघळवलं की पाण्यासारखंच दिसतं. ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम, स्कोलिन ही बाकीची रिलॅक्संटसुद्धा बिनरंगी. शेजारी अँटिबायोटिक, उलटीचं औषध, सलाइन. सिरिंजमध्ये भरल्यावर डोळ्यांना काही फरक कळत नाही. रिलॅक्संटचं लेबल लाल असतं ते यासाठीच. माझा क्रम असा: बाटली हातात घेऊन नाव मोठ्याने वाचायचं, औषध भरायचं, बाटली खाली ठेवायच्या आधी लेबल चिकटवायचं, आणि ती सिरिंज वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायची. जो देणार त्यानेच भरायचं. लेबल नसलेली सिरिंज दिसली तर आत काय आहे याचा अंदाज बांधत बसायचं नाही, फेकून द्यायची, औषध कितीही महाग असो. अमेरिकेत 2017 मध्ये तपासणीआधी धास्ती कमी करायला मिडाझोलाम द्यायचं होतं, त्याऐवजी व्हेक्युरोनियम दिलं गेलं आणि ती पेशंट दगावली. बाटलीच्या झाकणावर धोक्याची सूचना छापलेली होती. व्हेंटिलेटर हाताशी नसेल तिथे ही बाटली असूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे इंट्राकॅथ, शिरेत बसवलेली सुई, आणि त्याला जोडलेली नळी. तिथे थोडंसं रिलॅक्संट उरतं. पेशंट वॉर्डात जातो, सिस्टर त्याच नळीतून अँटिबायोटिक देतात आणि उरलेलं औषध रक्तात ढकललं जातं. लहान मुलात तेवढंही श्वास थांबवायला पुरतं. ओटीतून बाहेर पडण्याआधी प्रत्येक नळी सलाइनने फ्लश करायची, वापरात नसलेलीसुद्धा.

स्कोलिनबद्दल थोडक्यात. मिनिटाच्या आत काम करतं, काही मिनिटांत उतरतं, म्हणून पोट भरलेल्या पेशंटला घाईने श्वासनलिकेत ट्यूब टाकायची असेल तर हात त्याच्याकडे जातो. पण काही दिवसांपूर्वी मोठं भाजलेलं असेल, मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडले असतील किंवा पेशंट बरेच दिवस अंथरुणाला खिळून असेल, तर स्कोलिनने रक्तातलं पोटॅशियम एकदम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं. तिथे रोक्युरोनियम, 1.2 मिलिग्रॅम प्रतिकिलो.

मला सगळ्यात कळकळीने बोलायचंय ते शेवटच्या दहा मिनिटांबद्दल. टाके पडत आलेले असतात, पुढची केस बाहेर थांबलेली असते, पेशंट श्वास घ्यायला लागलेला असतो. काढू या ट्यूब? छातीखालचा श्वासपटल रिलॅक्संटला सहजी दाद देत नाही, तो लवकर सावरतो. घशाचे स्नायू मागे राहतात. श्वास चाललेला दिसतो, पण गिळता येत नाही, जीभ मागे पडते, आणि रिकव्हरीत ऑक्सिजन घसरायला लागतो. पाच सेकंद डोकं उचलून दाखवलं की झालं, ही जुनी परीक्षा पुरेशी नाही.

अंगठ्याला विचारावं लागतं. मनगटावर करंगळीच्या बाजूला, अल्नर नसेच्या रेषेत दोन इलेक्ट्रोड लावायचे आणि अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार झटके द्यायचे. औषध जोरात असेल तर अंगठा ढिम्म. उतरायला लागलं की आधी एकदा हलतो, मग दोनदा, तीनदा, चारदा. पण चौथी हालचाल पहिलीपेक्षा दुबळी. चौथी पहिलीच्या निदान 90 टक्के झाली की ट्यूब काढायची. हे गुणोत्तर 40 टक्क्यांच्या वर गेलं की डोळ्यांना किंवा बोटाला चारही हालचाली सारख्याच वाटतात, कितीही अनुभवी असा. म्हणून आकडा दाखवणारं यंत्रच हवं. ऑक्सिजन मोजल्याशिवाय आपण भूल देत नाही, तशीच याचीही सवय लागली पाहिजे.

रिलॅक्संट उतरवायला निओस्टिग्मिन दिलं की झालं, असंही नाही. ते ॲसिटिलकोलिन वाढवतं, पण त्याला मर्यादा आहे; अंगठा ढिम्म असताना दिलं तर उपयोग होत नाही. चारही हालचाली दिसेपर्यंत थांबायचं, हृदयाची गती मंदावू नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट द्यायचं, आणि त्यानंतरही दहा मिनिटं धीर धरायचा. सुगमाडेक्स हे उतरवणारं दुसरं औषध रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमच्या रेणूला सरळ स्वतःत अडकवून टाकतं, काम झटपट होतं. ॲट्राक्युरियमवर मात्र ते चालत नाही, हे नव्या मुलांना मी पुन्हा पुन्हा सांगते.

आणि ऑपरेशन होणार असेल तर तुम्हीही सांगा: घरात कुणाला भुलेनंतर कित्येक तास व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं का, भुलेत कुणाचा ताप भयंकर चढला होता का, तुम्हाला मायस्थेनिया, म्हणजे स्नायू दुबळे करणारा आजार, आहे का, मागच्या भुलेत रिॲक्शन आली होती का. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही आवर्जून सांगा. सुगमाडेक्स दिलं असेल तर पुढचे 7 दिवस हॉर्मोनच्या गोळीवर विसंबून चालत नाही, दुसरं साधनही वापरावं लागतं.